तारा लावायच्या, पण कुणाच्या दातांना?

दहावी-अकरावीतल्या मुलामुलींच्या आया माझ्याकडे समुपदेशनाला येतात त्या मोबाइल, चिडचिड, अभ्यास असल्या कारणांनी. बोलता बोलता विषय दातांवर जातो आणि मग तो ठरलेला प्रश्न येतो : "डॉक्टर म्हणाले, तारा लावल्या तर छान, नाही लावल्या तरी चालेल. आता आम्ही ठरवायचं कसं?"

डॉक्टरांनी टोलवाटोलवी केली असं पालकांना वाटतं. खरं तर त्यांनी त्यांच्या वाट्याचं उत्तर दिलेलं असतं. उरलेलं घरात द्यायचं असतं आणि घरात ज्याचा आवाज मोठा त्याचंच उत्तर ठरतं. ज्याच्या तोंडात तार बसणार, त्याला शेवटी विचारतात. कधी कधी तेही नाही.

इंदूरच्या राजेंद्र नगरातलं एक घर सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. मुलगी सोळा वर्षांची, तिला रेवा म्हणू. धाकटा भाऊ नऊ वर्षांचा, तो चिन्मय. आईची तक्रार अशी की रेवा फोटोत हसत नाही, घरच्या कार्यक्रमात मागे मागे राहते, तिच्यात आत्मविश्वास नाही. दात सरळ झाले की सगळं मार्गी लागेल. वडिलांना कोचिंगची फी भरून झाल्यावर हा नवा खर्च नको होता. आजींचा मुद्दा वेगळाच. "आमच्या घराण्यात सगळ्यांचे असेच दात. कुणाचं लग्न अडलं का?"

"रेवाला काय वाटतं?" मी विचारलं.

"तिलाही हवंच आहे ना," आई म्हणाली. रेवाने मान हलवली. ती मान होकाराची होती की 'हो बाई' अशी होती, ते मला कळेना.

थोड्या वेळाने कसल्याशा गोष्टीवर रेवाला हसू फुटलं आणि हात तोंडावर गेला. असा हात खूप मुलींचा जातो. पण हिची आधी नजर आईकडे गेली, मग हात वर आला. त्या दिवशी मी फक्त ते टिपून ठेवलं.

पुढच्या वेळी तिला एकटीला बसवलं. असं समज, उद्या सकाळी उठलीस आणि दात आपोआप सरळ झालेले, तर पहिल्यांदा काय बदलेल? या प्रश्नावर मुलं बहुधा 'मी स्टेजवर जाईन', 'मला चिडवणार नाहीत' असं काही सांगतात. रेवा जरा थांबून म्हणाली, "आई फोटो काढताना 'तोंड मिट' म्हणणार नाही." मग तिने स्वतःहून मोबाइल काढून मैत्रिणींबरोबरचे फोटो दाखवले. छप्पन दुकान या खाऊगल्लीतले, हातात शिकंजीचे ग्लास. प्रत्येक फोटोत ती बत्तीशी दाखवून हसत होती.

इथे कुणाला वाटेल की 'दिसण्याला काय महत्त्व, मन सुंदर हवं' असं काहीसं मी सांगणार. मुळीच नाही. दातांवरून चिडवतात म्हणून वर्गात तोंडी उत्तर द्यायचं सोडलेला एक मुलगा माझ्याकडे येत असे. त्याच्या तारांसाठी मी त्याच्या वडिलांशी वाद घातला होता. दिसण्यासाठी तारा लावणं हे पुरेसं कारण आहे. अट इतकीच की ते दुःख लावणाऱ्याचं स्वतःचं हवं. रेवाकडे ते मला दिसेना.

याच सुमारास माझं लक्ष चिन्मयकडे गेलं. त्याला घरी सोडायची सोय नसायची, म्हणून तो बाहेर बाकावर पाय हलवत बसे. तोंड सतत अर्धवट उघडं, ओठ फुटलेले. वरचे पुढचे दात इतके बाहेर की खालचा ओठ त्यांच्या मागे जाऊन बसलेला. एका दाताचा कोपरा उडालेला. "हे कधी झालं?" तर "शाळेच्या ग्राउंडवर पडला, मुलगाच तो," आई म्हणाली. मुलगी सोळाची झाली की तिचे दात सगळ्यांना दिसू लागतात, मुलाचे कुणी बघत नाही. दातांच्या बाबतीत हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिल्या भेटीतच घरात अजून मुलं किती ते विचारते.

मी दातांची डॉक्टर नाही. दोघांनाही ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा, एवढंच सांगितलं. नेहमीच्या दातांच्या डॉक्टरांनी बीडीएस केलेलं असतं. त्यापुढे तीन वर्षांचं एमडीएस दात सरळ करण्याच्या विषयात केलेला तो ऑर्थोडॉन्टिस्ट. खर्चाची धास्ती असेल तर एम.वाय. हॉस्पिटलजवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात दाखवता येतं. वेळ मोडतो, पण निदान मत तरी मिळतं. आणि मत घ्यायला गेलं म्हणजे तार लावलीच पाहिजे असं कुठे आहे? पहिल्या तपासणीचं वय सात, असं अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सांगते. आपल्याकडे मूल बारा-तेराचं होईपर्यंत कुणी तोंड उघडून बघत नाही.

गरज किती, हे अंदाजपंचे ठरत नाही, त्याचं माप असतं. ब्रिटनमध्ये १९८९ साली ब्रूक आणि शॉ यांनी एक श्रेणी मांडली. पहिल्या पायरीवर गरज नाही, पाचवीवर फार मोठी. शेजारचे दात ओळ सोडून एकमेकांच्या मागेपुढे १ ते २ मिलिमीटर सरकलेले असतील तर दुसरी पायरी, ४ च्या पुढे चौथी. वरचे दात खालच्यांपेक्षा ६ मिलिमीटरहून जास्त पुढे असतील तर चौथी, ९ च्या पुढे पाचवी. याच मापाला जोडून दिसण्यासाठी दहा फोटोंची एक वेगळी पट्टीही आहे, म्हणजे दिसण्याचा विचार तिथेही सोडलेला नाही. आपल्या डॉक्टरांना सरळ विचारावं, "माझ्या मुलाचं कितव्या पायरीवर येतं?" सांगतात ते.

रेवाचं दुसऱ्या पायरीवर आलं. खालचे दोन दात थोडे एकमेकांवर चढलेले, वरचा एक जरासा फिरलेला. वरच्या-खालच्या दातांची बैठक नीट, हिरड्या छान. डॉक्टर म्हणाले, नाही केलं तर दातांचं काही बिघडत नाही, हौस असेल तर होईल.

चिन्मयचे दात ८ मिलिमीटर पुढे होते. असे दात पडझडीत आधी सापडतात, कारण ओठांचं झाकण त्यांच्यावर नसतं. आता आईचं लक्ष गेलं, पण भलतीकडेच. पुढच्या दोन दातांमधल्या फटीने ती हवालदिल झाली. त्या फटीचं डॉक्टरांना काहीच वाटलं नाही. या वयात ती असतेच, अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे खाली आले की बहुतेकदा आपोआप मिटते. पुढे आलेल्या दातांचं मात्र तसं नव्हतं. नवव्या वर्षी सुरू केलं काय किंवा बाराव्या, शेवटी दात जवळपास सारखेच बसतात. पण लवकर केलं तर मधल्या काळात पुढचे दात आपटून तुटण्याचा धोका कमी होतो. त्याचा एक तुटला होताच, म्हणून थांबू नये असं ठरलं. आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर, कारण तोंडाने श्वास का घेतो ते पाहायचं होतं. मग खालचा जबडा पुढे आणणारं काढ-घालीचं उपकरण. तारा लागल्याच तर त्यानंतर.

रेवाशी मी तारांबद्दल सविस्तर बोलले, कारण हे सगळं तिलाच निभवायचं होतं. दीड-दोन वर्षं. महिन्या-दीड महिन्याने फेरी, घट्ट केल्यावर दोन-चार दिवस ठणका. प्रत्येक खाण्यानंतर ब्रश. आळस केला तर तार निघाल्यावर दातांवर पांढरे डाग राहतात आणि मग सरळ दातांचीही मजा जाते. जागा कमी असेल तर काहींच्या दोन-चार उपदाढा काढाव्या लागतात. तार निघाल्यावर रिटेनर, तो वर्षानुवर्षं रात्री लावायचा, नाहीतर दात जुन्या जागी परतू लागतात. कडक आणि चिकट खाणं बंद.

"म्हणजे पोह्यांवरची शेव?"

"बारीक चालेल. जाडी नाही."

"मॅडम, इंदोरमध्ये राहून?" ती खदखदून हसली. आई खोलीत नव्हती. हात तोंडाकडे गेला नाही.

'आत्ता नको' असं तिने ठरवलं आणि आईला ते स्वतः सांगितलं. बारावीनंतर वाटलं तर बघेन, वय निघून जातं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. हे तिचं वाक्य, मी शिकवलेलं नव्हे.

आई दुखावली. पुढच्या भेटीला एकटीच आली आणि बराच वेळ चिन्मयच्या उपकरणाबद्दलच बोलत राहिली. मग सांगितलं. तिला बघायला आलेल्या एका स्थळाने निरोप पाठवला होता, मुलगी पसंत आहे, पण दातांचं काही करता आलं असतं तर बरं झालं असतं. पुढे लग्न छान झालं, नवरा चांगला मिळाला. पण लग्नाच्या अख्ख्या अल्बममध्ये ती ओठ मिटून उभी आहे. "रेवाला कुणी तसं म्हणायला नको, एवढंच हो ताई." मी तिला दोनच गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे 'तोंड मिट' हे दोन शब्द आजपासून बंद, कारण रेवाला तिच्या दातांबद्दल आजवर फक्त घरातूनच ऐकावं लागलं आहे. आणि दुसरी, तो निरोप ज्याने पाठवला त्याच्यावरचा राग रेवाच्या दातांवर काढायचा नाही. दुसरी तिला पटायला वेळ लागला.

निघताना दारातून परत वळली. "त्रेचाळिसाव्या वर्षी होतात का हो सरळ?"

होतात. दाताभोवतालचं हाड दाब पडेल तिकडे झिजतं आणि मागे नवं तयार होतं, त्यावरच तर हे सगळं चालतं आणि मोठेपणीही ते थांबत नाही. वेळ थोडा जास्त लागू शकतो. अट हिरड्यांची. त्या सुजलेल्या किंवा हाड सोडलेल्या असतील तर आधी त्यांचा इलाज, मग तार.

तिने चिन्मयच्याच डॉक्टरांना दाखवलं. हिरड्या सुजलेल्या निघाल्या, रक्तही येत होतं, ते तिने वर्षानुवर्षं चालवून घेतलेलं. आधी सफाई, काही महिन्यांनी पुन्हा तपासणी, तारांचं त्यानंतर बघू, असं ठरलं आहे. सफाईची वेळ शनिवारची घेतली आहे. रेवाला माहीत आहे. यजमानांना अजून सांगितलेलं नाही, 'आधी बिल तर येऊ दे' म्हणाली.