शाळेत नंबर कुणाचा दिलाय?

मागच्या अंकात विचारलं होतं की घरातल्या तारखा, याद्या, हिशोब सांभाळायला फोन कसा वापरता आणि अडतं कुठं. बरीच पत्रं आली, निम्म्या तक्रारी नवऱ्यांबद्दल, बाकीच्या भावांबद्दल. त्यातली पाच घेतलीत.

प्रश्न : आम्ही दोघं नोकरीवाले, मुलगा तिसरीत, सासूबाई सोबत असतात. 'आपलं घर' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे पण गुड मॉर्निंग आणि रील्सच्या खाली कामाचं सगळं गाडलं जातं. दोन वर्षांत तीन फॅमिली अ‍ॅप घेऊन झाली, पहिला आठवडा सगळे उत्साहात आणि मग मी एकटीच भरत बसते. परवा मुलाच्या पीटीएमला (शाळेतल्या पालक-शिक्षक भेटीला) नवरा आला नाही, म्हणे मला माहीतच नव्हतं. अ‍ॅपवर होतं की! नवरा खरंच बघेल असं कुठलं अ‍ॅप आहे का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : ताई, आधी कबुली देतो, मी पण त्यातलाच. आमच्याकडं गूगल कीपवर किराण्याची यादी असते, दोघांच्या फोनवर दिसते, घेतलं की टिक करायचं, सगळं व्यवस्थित. आणि तरी मी एकदा दुकानात उभा राहून बायकोला फोन केला, काय काय आणायचंय गं. ती म्हणाली यादी बघ ना. मी म्हटलं तूच सांग पटकन. त्या 'पटकन' वरून त्या रात्री जे झालं ते इथं लिहीत नाही.

तर अ‍ॅप बदलून हे सुटत नाही. तुमची तीन अ‍ॅप का बसली, तर ती तिन्ही नवीन जागा होत्या, तिथं मुद्दाम जाऊन बघावं लागत होतं. नवरा नोकरी करतो म्हणजे ऑफिसच्या मीटिंगांसाठी कुठलं तरी कॅलेंडर दिवसातून दहा वेळा उघडत असणारच, घरच्या गोष्टी तिथंच नेऊन ठेवा. गूगल कॅलेंडर असेल तर कॉम्प्युटरवर बसून 'घर' नावाचं एक वेगळं कॅलेंडर बनवा आणि सेटिंगमध्ये जाऊन त्याच्या जीमेलला शेअर करा. शेअर करताना नुसतं 'बघता येईल' वालं नका देऊ, 'बदल करता येतील' वालं द्या, नाहीतर तो आयुष्यभर प्रेक्षक राहील. मग त्याच्या मीटिंगांच्या शेजारीच वेगळ्या रंगात पीटीएम दिसते. ऑफिसवाले बाहेरचं कॅलेंडर जोडू देत नसतील तर फोनमध्ये त्याचं स्वतःचं जीमेल टाकलं की झालं.

एक मेख आहे आणि बरीच भांडणं तिथंच होतात. शेअर केलेल्या कॅलेंडरचं नोटिफिकेशन ज्याचं त्यानं लावायचं असतं, तुम्ही लावलेलं तुमच्याच फोनवर वाजतं. म्हणजे 'मला आलंच नाही' हे तो खरंही बोलत असेल बरं का. त्याच्या फोनवर आदल्या दिवशी संध्याकाळचं एक आणि तासभर आधीचं एक, असं त्याच्याच हातानं लावून घ्या. आणि नुसतं 'पीटीएम' लिहू नका, 'पीटीएम, बाबा जाणार, ८.३०, डायरी न्यायची' असं लिहा. नाव नसलेलं काम आपोआप आईच्या नावावर जातं.

पण खरी गोम याच्याही मागं आहे. शाळेत नंबर कुणाचा दिलाय? सोसायटीच्या ग्रुपवर कोण आहे, गॅसचा ओटीपी कुणाला येतो, लसीचा मेसेज कुणाला? सगळीकडं तुमचाच असणार. मग मेसेज तुम्हाला येतात, ते वाचून अ‍ॅपवर चढवायचे तुम्हीच, आणि आठवण पण तुम्हीच करायची, म्हणजे अ‍ॅप आल्यानं तुमचं एक काम वाढलंच की. शाळेत एक अर्ज देऊन नंबर नवऱ्याचा करून टाका, गॅस पण त्याच्याकडं द्या. ज्याच्या फोनवर मेसेज येतो त्यानंच कॅलेंडरवर टाकायचं, एवढा एक नियम. पहिल्या महिन्यात एखादी सहल हुकेल, हुकू द्या.

सासूबाईंना फोनवर आणायच्या भानगडीत पडू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहिणं याच्यापेक्षा चांगलं अ‍ॅप मी अजून पाहिलं नाही. उलट त्यांच्याकडून एक काम घ्या. फोनचं कॅलेंडर इंग्रजी तारखेनं किंवा वारानं दरवर्षी रिपीट होतं, तिथीनं नाही. संकष्ट्या, सासऱ्यांच्या श्राद्धाची तिथी, हे दरवर्षी हातानं टाकावं लागतं. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला बसले, २०२६ ला अधिक ज्येष्ठ आला म्हणून थेट १४ सप्टेंबर, फोनला यातलं ओ की ठो कळत नाही. वर्षाच्या सुरुवातीला अर्धा तास त्यांच्या शेजारी बसायचं, त्या सांगतील तसं मुलाच्या बाबानं टाकत जायचं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. मिसेसना शुगर, बीपी, तीन डॉक्टर. मुलगा पुण्यात, मुलगी टोरांटोला. रिपोर्टचे फोटो ग्रुपवर टाकतो, पण डॉक्टरांनी मागचा रिपोर्ट विचारला की कुणालाच सापडत नाही. (सांगली)

उत्तर : सर, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं म्हणजे एसटीत छत्री विसरण्यासारखं आहे, गेली तर गेली. गूगल ड्राइव्हवर 'आईची फाइल' असं फोल्डर करा आणि दोन्ही मुलांना शेअर करा. ड्राइव्हमध्ये कॅमेऱ्यानं स्कॅन करायची सोय आहे, कागद सरळ करून पीडीएफ बनवून देतं. फाइलला नाव देताना वर्ष पहिलं, मग महिना, मग दिवस आणि शेवटी 'शुगर' किंवा 'ईसीजी'. असं केलं की सगळे रिपोर्ट आपोआप क्रमानं लागतात, हजेरीपटासारखे. डॉक्टरांच्या पुढं बसून दहा सेकंदात निघतं.

अपॉइंटमेंट शेअर केलेल्या कॅलेंडरवर टाका. मुलीला ती तिच्या घड्याळाप्रमाणं दिसेल, उन्हाळ्यात साडेनऊ तास मागं आणि हिवाळ्यात साडेदहा, हा हिशोब फोनच करतो.

गोळ्यांसाठी मात्र साधा अलार्म लावा फोनचा, त्याला नाव द्या 'जेवणाआधीची पांढरी'. गोळी चुकली की लांबच्या माणसाला कळवणारी अ‍ॅप पण आहेत, पण सकाळी ८ ची गोळी मिसेसनी सव्वाआठला घेतली म्हणून मुलीचा फोन रात्री दहाच्या आसपास वाजणार, ती घाबरून तुम्हाला फोन करणार, मग तुमचंच बीपी वाढणार.

प्रश्न : लग्नाला आठ महिने झाले. नवरा म्हणतो लोकेशन कायम शेअर करून ठेव, काळजी वाटते. मला नको वाटतं, पण नाही म्हटलं की 'लपवायचं काय आहे' असं येतं. (ठाणे)

उत्तर : नको वाटतंय ना, मग नको. यात लपवण्याचा काही संबंध नाही, आपण बाथरूमचं दार लावतो तेव्हा काय लपवतो?

काळजी खरी असेल तर तिला वेळ असते. व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास असं देता येतं. दादरहून रात्रीची लोकल पकडली की एक तासाचं टाका, तास झाला की ते आपोआप बंद. गूगल मॅपवर मात्र 'मी बंद करेपर्यंत' असाही पर्याय असतो, तो एकदा चालू झाला की माणूस विसरून जातो, म्हणून मॅप उघडून वरच्या आपल्या फोटोवर टॅप करा आणि लोकेशन शेअरिंगमध्ये कुणाकुणाची नावं आहेत ते आजच बघून घ्या. आणि त्याला सहज विचारा, तुझंही कायम चालू ठेवशील का. उत्तर काय येतं त्यावर बरंच कळेल. उत्तर आवडलं नाही तर ते मनात ठेवू नका, आईशी किंवा जवळच्या मैत्रिणीशी बोला.

बाकी त्या ठिपक्यावर फार भरवसा ठेवू नये हेही सांगा त्याला. माझा ठिपका एकदा मुलुंडला पाऊण तास उभा होता, घरी रडारड, आणि मी बॅटरी संपलेला फोन खिशात घालून डोंबिवलीत वडापाव खात होतो.

प्रश्न : आम्ही तिघं भाऊ. गावी घराचं काम काढलंय. एकानं सिमेंट, एकानं मजुरी, एकानं सळई, दर रविवारी हिशोबावरून वादावादी. त्यात वडिलांना रोजच्या खर्चाला पैसे कसे द्यायचे हा वेगळाच प्रश्न. (नाशिक)

उत्तर : स्प्लिटवाइज नाव ऐकलं असेल, खर्चाचे वाटे करायचं अ‍ॅप, ट्रिपला झकास आहे, सारखे नसलेले वाटे पण घालता येतात. पण फुकटच्या व्हर्जनमध्ये रोज किती खर्च टाकायचे यावर मर्यादा आहे आणि बांधकामाच्या दिवशी विटा, वाळू, चहा, मिस्त्रीची उचल असं धडाधड चालू असतं. तुम्हाला गूगल शीट बरी. तारीख, कशाला, किती, कुणी दिले, बिलाचा फोटो, पाच रकाने बास. रोखीनं दिलेली उचल तिथंच उभं राहून टाकायची, रविवारी आठवून टाकलेली धरायची नाही असं ठरवा. वाद उचलीवरूनच होत असणार, सिमेंटवरून कुणी भांडत नाही, त्याचं बिल असतं.

वडिलांसाठी यूपीआय सर्कल बघा, ऑगस्ट २०२४ मध्ये आलंय. तुमच्या खात्यातून वडील त्यांच्या फोनवरून पैसे देऊ शकतात. पूर्ण परवानगी दिली तर महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका वेळी ५,००० पर्यंत, तुम्ही त्याच्या आत हवी ती मर्यादा घालायची. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक पेमेंट तुम्ही पिन टाकून पास करायचं. तो दुसरा प्रकार वडिलांना नका लावू. भाजीवाल्यापुढं उभं राहून मुलाच्या परवानगीची वाट बघायला लावणं बरं दिसत नाही.

प्रश्न : गणपतीला मुंबईहून कुडाळला चौदा जण जातो. ग्रुपवर महिनाभर नुसती चर्चा आणि शेवटी तिकीट वेटिंग! (लालबाग)

उत्तर : चर्चा बंद, पोल टाका. 'कधी निघायचं', तीन तारखा, दोन दिवसांची मुदत, मत न देणाऱ्यानं नंतर तोंड उघडायचं नाही.

आता रिझर्व्हेशन १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पासून), सकाळी ८ ला. एका तिकिटावर सहाच माणसं, म्हणजे चौदा जणांना तीन तिकिटं, म्हणजे तिघांनी आपापला फोन घेऊन बसायचं. रेल्वे तिकिटाचं (आयआरसीटीसीचं) खातं आधारनं व्हेरिफाय केलेलंच हवं, सुरुवातीच्या वेळात बाकीच्यांना ऑनलाइन मिळत नाही. प्रवाशांची नावं, वयं आदल्या रात्रीच खात्यात भरून ठेवा, कुणाच्या वाट्याला कोण ते शेअर केलेल्या नोटमध्ये लिहा, आणि तिघांच्या फोनवर ७.४५ चा अलार्म. लहान पोरं आणि त्यांच्या आया एकाच तिकिटावर घ्या हो, मागं एकदा आमच्याकडं बाळ एस-२ मध्ये आणि दुधाची बाटली एस-९ मध्ये होती.