जबड्यात राहिलेलं टोक

प्रश्न : मी मुलुंडला राहते. 14 महिन्यांपूर्वी अक्कलदाढेचं मोडलेलं मूळ काढून घेतलं. पहिल्या आठवड्यापासून ठणका आहे. आता दुसऱ्या दवाखान्यात काढलेल्या ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) हाडात धातूचं टोक दिसलं. पहिले डॉक्टर म्हणतात, 'अवजारच खराब निघालं, माझी चूक नाही.' दोष कोणाचा?

उत्तर : ताई, टोक तुटलं म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असं कोर्ट धरत नाही. मूळ सैल करायला वापरतात त्या लक्झेटर नावाच्या अवजाराचं पातं पातळ नि धारदार असतं, दात आणि हाड यांमधले तंतू कापण्यासाठी. त्यालाच पहारीसारखं वापरून मूळ उचकटलं तर ते वाकतं, मोडतं. धार लावून लावून झिजलेलं किंवा गंज धरलेलं अवजारही दगा देतं. पोलाद मुळातच ठिसूळ असेल तर उत्पादकालाही प्रतिवादी करता येतं, पण त्यासाठी ते अवजार आणि खरेदीचं बिल लागेल.

तुम्ही मात्र या वादात अडकू नका. अवजार 'खराब निघालं' हे डॉक्टरांना कधी कळलं? त्याच दिवशी कळलं असेल, तर लगेच एक्स-रे काढून तुम्हाला सांगायला हवं होतं. नसेजवळचा तुकडा न काढण्याचा निर्णय योग्य असू शकतो. तो लपवणं कधीच योग्य नाही. तक्रारीचा कणा मी हाच धरेन. हा प्रश्न त्यांना लेखी विचारा, केसपेपर मागा आणि ते अवजार जपून ठेवायला कळवा. स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती सांभाळा.

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच ठरवलं. 2019 च्या कायद्यात तक्रारीची मुदत 2 वर्षांची आहे. 'मला आत्ता कळलं' यावर विसंबू नका. शस्त्रक्रियेत पोटात गॉझ (जाळीदार कापडी पट्टी) राहिल्याच्या एका प्रकरणात, दुखणं सुरुवातीपासून असूनही रुग्ण वर्षानुवर्षं गप्प राहिली म्हणून 2010 मध्ये तिची तक्रार मुदतबाह्य ठरली. तुमचाही ठणका पहिल्या आठवड्यापासूनचा, म्हणून हाती 10 महिनेच आहेत असं समजा. तक्रार वांद्र्याच्या उपनगर जिल्हा ग्राहक आयोगात करा. दवाखान्याला दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. दुसऱ्या दंतशल्यचिकित्सकाचं लेखी मत सोबत जोडा, त्यावाचून केस लंगडी पडते.

तुकडा काढायचा ठरला तर आधीचा आणि नंतरचा एक्स-रे मागून घ्या. निघालेलं टोक बाटलीत घालून, वर तारीख आणि डॉक्टरांची सही घेऊन, ताब्यात घ्या. ते कचऱ्यात जाऊ देऊ नका.