एका हाकेत पाच नावं

संक्रांत तोंडावर आली की या सदराकडे भरल्या घरांतली पत्रं वाढतात. शाळेची स्नेहसंमेलनं, लग्नाचे प्रवास, बोरन्हाणं, सगळं एकदम येतं आणि मुलं असतात सहा-सात. या वेळची सात पत्रं आणि त्यांची उत्तरं.

आमच्याकडे तीन भावांची मिळून सात मुलं. सासूबाई धाकट्या नातवाला हाक मारतात तेव्हा आधी दोन मोठ्यांची, मग माझ्या नणंदेची आणि मग मोत्याची, म्हणजे कुत्र्याची, नावं घेऊन होतात. मुलं लोळून हसतात, पण सासूबाई मनातून धास्तावल्यात. विस्मरणाची ही सुरुवात आहे का?
धाकटी सून, मिरज

नाही. त्यांना हे उत्तर मोठ्याने वाचून दाखवा. 2016 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी सतराशेहून अधिक लोकांना नेमका हाच प्रश्न विचारला होता. चुकीचं नाव जवळजवळ नेहमी त्याच गोतावळ्यातलं निघतं: मुलाऐवजी दुसऱ्या मुलाचं, बहिणीऐवजी मुलीचं. ही चूक तरुण माणसंही करतात. कुत्र्याचं नावही त्यात येतं, मांजराचं मात्र क्वचितच. म्हणजे मोत्या सासूबाईंच्या मनात घरच्या माणसांत बसलेला आहे. चेहऱ्याच्या साम्याचा यात फारसा संबंध सापडला नाही, नावांच्या उच्चारातल्या साम्याचा मात्र सापडला. आरव, आर्या आणि आरोही एका घरात असतील तर गोंधळ होणारच. पुढचं बारसं व्हायचं असेल तर ठरवलेलं नाव बाकीच्या मुलांच्या नावांसोबत चार वेळा मोठ्याने हाक मारून बघा. जीभ अडखळली तर दुसरं नाव शोधा.

डॉक्टरांकडे जायची लक्षणं वेगळी आहेत: तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारणं, रोजच्या वाटेवर चुकणं, गॅस कसा पेटवायचा तेच न सुचणं. तसं काही नसेल तर घरात एवढाच नियम करा की आजी ज्याच्याकडे बघत असेल त्याने उठायचं, नाव कोणाचंही येवो.

माझा मुलगा आणि पुतणी, दोघंही सहा वर्षांचे. पुतणीचे दोन दात पडले, याचा एकही नाही म्हणून हा दिवसभर दात हलवत बसायचा. काल अखेर पडला, पण भाकरीबरोबर गिळला गेला. आता कौलावर टाकायला दात नाही म्हणून रडतोय आणि पोटात दात उगवेल का असंही विचारतोय.
आई, चिपळूण

पोटात उगवणार नाही, एक-दोन दिवसांत शौचावाटे निघून जाईल. शोधायची गरज नाही. दात गेला त्या क्षणी ठसका लागला असेल, त्यानंतर खोकला थांबत नसेल किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर मात्र तो श्वासनलिकेत गेलेला असू शकतो. तेव्हा वाट न बघता दवाखाना गाठा.

शर्यतीबद्दल दोघांना खरं सांगून टाका. मुलींचे दात मुलांपेक्षा साधारण थोडे आधी पडतात आणि येतातही. दुधाचे दात एकूण वीस. पहिले पडतात ते खालचे मधले दोन, सहा-सातव्या वर्षी, आणि शेवटचे बाराव्या वर्षाच्या आसपास. शर्यत सहा वर्षं चालणार आहे, पुतणी नुसती लवकर निघाली. दोऱ्याने दात ओढू देऊ नका. मूळ पूर्ण विरघळलेलं नसेल तर दुखतं आणि रक्तही जास्त येतं. जिभेने हलवणं पुरे. दात पडला की स्वच्छ ओल्या फडक्याची घडी दहा मिनिटं चावून धरायला लावा.

खालच्या दाताच्या मागे दुसरी रांग दिसली तरी घाबरू नका, या वयात हे नेहमीचं आहे. पुढचा दुधाचा दात हलत असेल तर तो पडतो आणि मागचा हळूहळू पुढे सरकतो. दोन महिने झाले तरी दात हलत नसेल तर दंतवैद्यांना दाखवा.

एक गोष्ट घरातल्या सगळ्या मोठ्यांना माहीत हवी. पडल्यामुळे किंवा बॅट लागल्यामुळे *पक्का* दात मुळासकट बाहेर आला तर तो पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती असेल तर दुधाने काही सेकंद धुवा, घासू नका, आणि त्याच खाचेत बसवा. जमत नसेल तर वाटीभर थंड दुधात टाकून अर्ध्या तासात दंतवैद्य गाठा. दुधाचा दात मात्र असा परत बसवायचा नसतो.

राहिला कौलाचा प्रश्न. उंदीरमामाला चिठ्ठी लिहून ती दगडाला गुंडाळून टाकली तरी चालते.

चार मुलं, एक ताट खरवस. वडी कोणाला मोठी गेली यावरून रोज रडारड. वजनकाटा आणू का?
बाबा, कोल्हापूर

नको. काट्यावर सारख्या भरलेल्या वड्याही मुलांना सारख्या वाटत नाहीत, कारण एकाला वरची साय हवी असते तर दुसऱ्याला जायफळाचा भाग. दोन मुलांसाठी जुना उपाय चोख आहे: एकाने कापायचं, दुसऱ्याने आधी उचलायचं. जास्त जणांसाठी काय करायचं हे स्टेफान बानाख आणि ब्रोनिस्वाव क्नास्टर या पोलंडच्या गणितज्ञांनी शोधून काढलं आणि त्यांचे सहकारी ह्यूगो स्टाइनहाउस यांनी 1948 साली ते प्रसिद्ध केलं. तीच रीत ताटावर अशी चालते.

पहिला मुलगा स्वतःला बरोबर पाव वाटेल एवढा तुकडा कापतो. तो तुकडा एकेकापुढे जातो. ज्याला तो पावापेक्षा मोठा वाटेल त्याने कड कापून ती ताटात परत टाकायची. ज्याने शेवटी सुरी लावली, तुकडा त्याचा. कोणीच लावली नाही तर पहिल्याचा. तो मुलगा खेळातून बाहेर. उरलेल्या तिघांत पुन्हा तसंच, फक्त आता तुकडा उरलेल्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. शेवटी दोघं उरले की एक कापेल, दुसरा निवडेल.

दोन ठिकाणी गाडं अडतं. खरवस गरम असेल तर कड काढताना तुकडा मोडतो, म्हणून ताट दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. आणि चार वर्षांखालच्या मुलाला «पाव» कळत नाही, त्याच्या वतीने आजीने खेळावं. पहिल्या दिवशी वीस मिनिटं जातील. नंतर मुलं स्वतःच घाई करतात.

पाच मुली एका खोलीत झोपतात. स्नेहसंमेलनाच्या आदल्या आठवड्यात एकीच्या डोक्यात उवा निघाल्या, आता सगळ्या डोकं खाजवतायत. शेजारच्या आजी रॉकेल लावा म्हणतात.
मोठी काकू, इंदूर

रॉकेल अजिबात नको. त्याने टाळू भाजते, वास फुप्फुसात जातो, आणि घरात समई-गॅस असतोच. झुरळांची पावडरही नको. केस कापायचीही गरज नाही, आणि शाळा बुडवायची तर मुळीच नाही.

मोठ्या घरात उवा पुन्हापुन्हा का होतात ते आधी कळलं पाहिजे. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, ती डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. दिवसाला सहा-आठ लिखा घालते आणि लीख आठ-दहा दिवसांत फुटते. आज चौघींना औषध लावलं आणि पाचवीला रविवारी, तर ती पाचवी सगळ्यांना परत देते. म्हणून *एकाच दिवशी* सगळ्यांची डोकी बघायची, मोठ्यांचीही. लहान मुलींना कुशीत घेऊन झोपणाऱ्या आजीचं डोकं तर आधी.

दिवसा उजेडात, ओल्या केसांत बघा. ओल्या केसांत ऊ पळत नाही. शाम्पूने धुऊन कंडिशनर चोपडा, आधी मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढा, मग केसांच्या बारीक बटा करून बारीक धातूच्या फणीने टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढा. प्रत्येक फेरीनंतर फणी पांढऱ्या कापडावर पुसा, म्हणजे काय निघालं ते दिसतं. कानामागे आणि मानेवर जास्त वेळ द्या. लांब केसांच्या एका डोक्याला अर्धा तास धरा. नुसत्या फणीने करणार असाल तर पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा दिवस, असं चार वेळा. सतराव्या दिवशी पुन्हा तपासा. एकही दिवस चुकला तर मोजणी पहिल्यापासून.

औषध वापरायचं तर 1 टक्का परमेथ्रिनचं लोशन, आणि ते जिवंत ऊ दिसलेल्या डोक्यालाच. इथे तेल आडवं येतं. चंपी केलेल्या डोक्यावर लोशन लावलं तर ते केसापर्यंत पोचतच नाही. आधी तेल पूर्ण धुवा, त्या दिवशी कंडिशनर लावू नका, केस टॉवेलने टिपा, लोशन कानामागे आणि मानेपर्यंत चोळा, दहा मिनिटांनी धुवा. नवव्या दिवशी दुसऱ्यांदा. ती दुसरी वेळ गाळली म्हणूनच «औषध लागू पडत नाही» अशी तक्रार येते. दोन वर्षांखालच्या मुलीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

टाळूपासून बोटभर लांब चिकटलेल्या लिखा बहुतेक फुटून रिकाम्या झालेल्या असतात. त्या बघून पुन्हा औषध लावू नका. उशांचे अभ्रे, टॉवेल आणि रिबिनी कडक पाण्यात धुवा, फण्या दहा मिनिटं कढत पाण्यात ठेवा. गाद्या उन्हात घालायचा घाट नको, डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. संमेलनात गंगावन आणि मुकुट एकीचा दुसरीला देऊ नका. आणि सगळ्यांच्या घट्ट वेण्या घाला.

तीन मुलांचे गणवेश, मोजे, बनियन धुतल्यावर कोणाचं काय कळत नाही. नावं लिहिली तर धाकट्याला कपडा देताना खोडावी लागतात.
आई, ठाणे

नावं नकोत, ठिपके. मोठ्याला एक, मधल्याला दोन, धाकट्याला तीन. कपडा खाली उतरला की एक ठिपका वाढवा, झालं. न जाणारं कपड्यांचं पेन वापरा आणि ठिपका बनियनला मानेच्या पट्टीवर, चड्डीला कमरेच्या आतून, मोज्याला तळव्यावर द्या. लिहिल्यावर दिवसभर वाळू द्या, मग इस्त्री फिरवा. बूट मात्र खाली उतरवू नका. ते पहिल्याच्या चालण्याप्रमाणे झिजलेले असतात आणि दुसऱ्याचा पाय त्यात वाकडा पडतो.

लग्नासाठी नऊ मुलं घेऊन रेल्वेने नागपूरला जायचंय. मागच्या वेळी «सगळे आले का?» म्हटल्यावर «हो» असा गजर झाला आणि एक जण बुकस्टॉलवर राहिला होता.
काका, पुणे

«सगळे आले का» हा प्रश्नच बाद करा, त्याचं उत्तर आलेलेच देतात. दोन उपाय एकत्र करा. तीन मोठ्यांना प्रत्येकी तीन मुलं नावानिशी वाटून द्या. आणि मुलांना एक ते नऊ आकडे द्या. चढताना, उतरताना, खाऊ घेतल्यावर ज्याने त्याने आपलाच आकडा ओरडायचा. मोठी भावंडं धाकट्याचा आकडा स्वतःच ओरडून मोकळी होतात, तेव्हा आवाजाबरोबर हात वर हवाच. निघताना सगळ्यांचा एक फोटो काढा, म्हणजे शर्टाचा रंग आठवत बसावं लागत नाही. प्रत्येकाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. चुकलं तर जागेवरच उभं राहायचं, शोधत फिरायचं नाही, हे आधी घरी करून बघा. रेल्वेची मदत 139 वर आणि लहान मुलांसाठीची 1098 वर.

तिकिटाचं म्हणाल तर पाच वर्षांखालच्यांना वेगळी जागा नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ हवा असेल तर 2016 पासून पूर्ण भाडं पडतं.

एका वर्षाची जुळी आणि तीन वर्षांची पुतणी, तिघांचं बोरन्हाण एकत्र. पंधरा मुलं येतील. किती आणि काय आणू? आधीच्या बोरन्हाणात उत्सवमूर्ती रडून लाल झाली आणि मोठी मुलं तिच्या अंगावर पडली.
आत्या, डोंबिवली

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कोणताही दिवस घ्या, पण वेळ जुळ्यांच्या झोपेनंतरची. पंधरा मुलांना चुरमुरे अर्धा किलो पुरतात, बोरं एक किलो, उसाचे करवे दोन उसांचे, बत्तासे पाव किलो, तिळाच्या रेवड्या पाव किलो, हरभऱ्याचे घाटे असतील तर जुडीभर.

हे सगळं एकत्र कालवू नका. तिथेच चुकतं. जुळ्यांवर फक्त चुरमुरे आणि दोन-चार बत्तासे ओता. बोर डोक्यावर लागतं, आणि बोराची बी, हरभरा, रेवडी, हलव्याचा दाणा हे सगळं त्या वयात घशात अडकण्याजोगं. चार वर्षांच्या आतल्या कोणाच्याही हाती ते लागू देऊ नका. पुतणीच्या बाबतीतही हेच, तिच्यावरही फक्त चुरमुरे आणि बत्तासेच ओता, बोरं नाहीत.

मूल रडतं ते वरून येणाऱ्या अनोळखी हातांमुळे आणि एकदम झालेल्या गिल्ल्यामुळे. तिघांना पाटावर एकटं न बसवता आईच्या किंवा मावशीच्या मांडीवर घ्या. आधी औक्षण. मग हलव्याचे दागिने आणि काळं झबलं घालून फोटो, पाच मिनिटांत. जास्त वेळ ठेवलात तर बाळ मुकुट चोखतं, साखर विरघळते आणि गळ्याभोवती चिकटते. ओतण्याआधी दागिने उतरवा. पहिली ओंजळ आईने, डोक्यापासून वीतभर उंचीवरून, हळूच. बाळ हसलं तर पुढची. एका वेळी एकच हात.

खाली दोन मोठ्या चादरी जोडून अंथरा. बाकीच्या मुलांना कडेला बसवा आणि प्रत्येकाच्या हाती कापडी पिशवी द्या. तिघं बाळं मांडीवरून उचलून बाजूला नेली की *मगच* बोरं, ऊस, रेवड्या चादरीच्या चारी कोपऱ्यांत उधळा आणि «लुटा» म्हणा. मधोमध एकच ढीग केला तर सगळे एकावर एक पडतात. अगदी लहानांसाठी चार पिशव्या आधीच भरून ठेवा. धक्काबुक्कीत त्यांच्या हाती काही लागत नाही आणि नंतरचं रडं तेच असतं.

चादर झाडायची ती चारी टोकं गोळा करून गच्चीवर किंवा अंगणात. फरशी आधी कोरडी झाडा, मग ओल्या फडक्याने पुसा. उलट केलंत तर बत्ताशाचा पाक होतो आणि रात्रीत मुंग्या येतात.