टेम्पोतला प्रवास आणि अ‍ॅम्प्लिफायरचे नॉब

प्रश्न : आमचा ऑर्केस्ट्रा जत्रांमध्ये वाजतो. टेम्पोतून नेताना अ‍ॅम्प्लिफायरचे नॉब तुटतात, मग आवाज खरखरतो. उपाय सांगा.
– एक वाचक, कराड

उत्तर : नॉब तुटला तर नवा मिळतो हो, जीव असतो आतल्या पॉटमध्ये, म्हणजे नॉब ज्याला फिरवतो त्या आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागात. नॉबच्या दांड्याला बसलेला धक्का थेट तिथे जातो आणि पॉट सर्किट बोर्डावरच बसवलेला असेल तर त्याला जोडणारं सोल्डर तडकतं. पॅनेलच्या दोन्ही कडांना नॉबपेक्षा उंच लाकडी पट्ट्या लावा, त्यावर प्लायवुडचं झाकण. नुसता फोम नको. तो दबला की भार नॉबवरच. नुसते दाबून बसवलेले नॉब असतील तर निघताना काढून डबीत ठेवा. आणि माइकचे स्टँड वेगळे बांधा. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरचे वैरी तेच!