स्पेक्ट्रमवर 'सुपर हँग-ऑन' : गाडी वळणावर का आपटते?

नागपूरला तुमच्या काकांच्या धरमपेठेतल्या घरी माळ्यावर डीबी स्पेक्ट्रम प्लस हा जुना घरगुती कॉम्प्युटर सापडला, सोबत 'सुपर हँग-ऑन' या मोटरसायकल शर्यतीच्या गेमची कॅसेट. गेम कधी लोड होतो, कधी मधेच अडतो; आणि लोड झाला तरी गाडी प्रत्येक वळणावर रस्त्याकडेच्या बोर्डावर जाऊन आपटते. मशीन ठेवून द्यावं आणि एम्युलेटरवरच (आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) खेळावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं : मशीन ठेवून देऊ नका. गाडी आपटते त्यात तुमच्या हाताचा दोष थोडा, भिंतीवरच्या एलईडी टीव्हीचा फार.

आधी टीव्हीचंच सांगतो, कारण याकडे कोणी बघत नाही. स्पेक्ट्रम सेकंदाला 50 चित्रं टीव्हीकडे पाठवतो, म्हणजे एका चित्राला 20 मिलिसेकंद. जुन्या डब्बा टीव्हीवर चित्र येतं तसंच लगेच उमटतं. नवा टीव्ही ते आधी साठवतो, मोठं करतो, कडा गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. या उपद्व्यापात 100 मिलिसेकंद गेले असं धरा. मग तुम्ही पाहताय तो रस्ता पाच चित्रं जुना! गेममधल्या ताशी 280 किमीच्या वेगात वळण दिसेपर्यंत गाडी वळणात शिरलेली असते. तुम्ही घाईने कळ दाबता, काहीच झालं नाही असं वाटून दाबूनच ठेवता, आणि गाडी गरजेपेक्षा जास्त झुकते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर तो चालू करा आणि चित्र सुधारणारे बाकीचे सगळे पर्याय बंद करा. त्याहून चांगलं म्हणजे चालू स्थितीतला डब्बा टीव्ही शोधा. भारतातले जुने टीव्ही सेकंदाला 50 चित्रांच्या पाल पद्धतीचेच, त्यामुळे स्पेक्ट्रमची आणि त्यांची जोडी आपसूक जुळते. चॅनेल यूएचएफ 36 च्या आसपास सापडेल.

आता गाडी चालवण्याचं. स्पेक्ट्रमच्या जॉयस्टिकला अर्धं वळण माहीत नाही. डावीकडे आहे किंवा नाही, एवढंच. म्हणून कळ धरून ठेवायची नाही, टिचक्या मारल्यासारखी दाबत राहायची. हलक्या वळणाला दोन-तीन टिचक्या पुरतात. मोठ्या वळणात गाडी बाहेर फेकली जाते, तेव्हा वळण येण्याआधीच आतल्या कडेला सरका आणि तो बाहेरचा रेटा वळणभर आपल्याला रस्त्याच्या मध्यावर आणून सोडेल असं बघा. वळणात शिरल्यावर आत यायला गेलात तर उशीर झालेला असतो.

टर्बो, म्हणजे जादा वेग देणारं बटण, 280 गाठल्यावरच चालतो, त्याआधी बटण दाबून काही होत नाही. तो फक्त सरळ पट्ट्यावर वापरा आणि वळण दिसताक्षणी सोडा. नवे खेळाडू टर्बोतच वळणात घुसतात. आपटल्यावर गाडी उभी करून पुन्हा 280 पर्यंत नेण्यात घड्याळ जेवढं खातं, तेवढं कुठलाच टर्बो परत देत नाही. कडेच्या गवतात चाक गेलं तरी वेग कोसळतो. त्यामुळे या गेममध्ये जोरात जाण्यापेक्षा वेग न गमावणं महत्त्वाचं, आणि मला हा गेम इतकी वर्षं आवडतो तो याच शिस्तीसाठी. गेममध्ये चार मार्ग आहेत. सुरुवात आफ्रिकेपासून करा, त्यात 6 टप्पे आहेत. आशियात 10, अमेरिकेत 14 आणि युरोपात 18. आफ्रिका न आपटता पार होत नाही तोवर आशियाला हात लावू नका.

कॅसेटचं दुखणं बहुतेक वेळा टेपरेकॉर्डरच्या हेडमध्ये, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागात असतं. आधी रुईच्या बोळ्याने आयसोप्रॉपिल अल्कोहोल लावून हेड आणि रबरी रोलर पुसा. मग हेडशेजारचा स्प्रिंगवाला छोटा स्क्रू बघा. कॅसेट वाजवत तो अगदी किंचित फिरवा आणि आवाज सर्वांत तीक्ष्ण, किरकिरा ऐकू येईल तिथे थांबा. तोच हेडचा बरोबर कोन. ट्रेबल पूर्ण आणि आवाज तीन-चतुर्थांशावर ठेवा. पडद्याच्या कडेला आधी लाल-आकाशी जाड पट्टे आणि नंतर निळे-पिवळे बारीक पट्टे स्थिर दिसले तर समजा जमलं; पट्टे थरथरले तर आवाज थोडा कमी-जास्त करा. हे काम स्वतः करायचं नसेल तर महाल किंवा इतवारीत विचारत जा. टेप-रेडिओ उघडणारे जुने हात अजून भेटतात.

वीज जोडण्याआधी हे नक्की वाचा. स्पेक्ट्रमचा अॅडाप्टर 9 व्होल्टचा, पण पिनच्या आतली बाजू ऋण असते, बाहेरची धन. बाजारातले बहुतेक अॅडाप्टर याच्या उलटे असतात. बर्डीला दुकानदार '9 व्होल्ट आहे, चालेल' म्हणाला तरी मल्टिमीटरने मोजल्याशिवाय लावू नका. उलटा लागला तर बोर्ड गेलाच म्हणून समजा, आणि खालच्या 16 के (किलोबाइट) मेमरीच्या चिप्स आता सहज मिळत नाहीत. जॉयस्टिक जोडायचा केम्पस्टन इंटरफेस मागच्या खाचेत बसवायचा किंवा काढायचा तोही वीज बंद करूनच.

आतला 7805 रेग्युलेटर (9 व्होल्टचे 5 व्होल्ट करणारा भाग) तसाही चांगलाच तापतो. आपल्या मे महिन्यात पारा 45 वर जातो तेव्हा दुपारी मशीन चालू करूच नका, रात्री खेळा. कूलरच्या थेट झोतात मशीन आणि कॅसेटी ठेवू नका. ती ओलसर हवा कनेक्टरला गंज चढवते. कीबोर्डच्या आतल्या पातळ पट्ट्या वयाने ठिसूळ झालेल्या असतात. केस उघडलीत तर त्या ओढू नका. काही कळा मेल्या असतील तर नवा मेम्ब्रेन (कळांखालचा पातळ पडदा) मागवता येतो.

एम्युलेटर घ्या, पण सरावासाठी. 'फ्यूज' नावाचा एम्युलेटर फुकट मिळतो आणि चांगला आहे. मॉनिटर 60 हर्ट्झवर असेल तर 50 चित्रांचा गेम मधेमधे अडखळतो, म्हणून जमल्यास तो 50 किंवा 100 हर्ट्झवर न्या. वळणं तिथे पाठ करा, शर्यत मशीनवर करा.

जाता जाता : कॅसेटच्या खोक्यात 'एन्ड्युरो रेसर' असेल तर तोही लावून बघा. अॅक्टिव्हिजनने 1987 मध्ये तो स्पेक्ट्रमवर आणला. पडदा जवळपास एकरंगी आहे. स्पेक्ट्रमला 8 बाय 8 ठिपक्यांच्या चौकोनात दोनच रंग वापरता येतात, आणि रंगांचा नाद सोडल्यामुळेच गेम एवढा वेगवान झाला. त्यात उंचवटा येण्याआधी पुढचं चाक उचलावं लागतं, नाहीतर वेग जातो. हेड नीट केल्यावर पट्टे कसे दिसतात आणि आफ्रिकेच्या कितव्या टप्प्यावर अडता, तेवढं लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.