बुधावरचा दिवस किती मोठा?

प्रश्न : बुध स्वतःभोवती सुमारे ५९ दिवसांत फिरतो, असं वाचलं होतं. नंतर दुसरीकडे बुधावरचा एक दिवस आपल्या १७६ दिवसांचा असतो, असं आढळलं. खरं काय मानायचं? आणि असा दिवस चंद्राचाही काढता येतो का?

उत्तर : दोन्ही आकडे खरे आहेत. ५८.६५ दिवसांत बुधाची ताऱ्यांच्या संदर्भात एक फेरी होते. हा त्याचा नाक्षत्र दिवस. एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंतचा काळ म्हणजे सौर दिवस, आणि तो १७६ दिवसांचा. ग्रह स्वतःभोवती फिरता फिरता कक्षेतही पुढे सरकतो, म्हणून हा फरक पडतो. पृथ्वीचीही फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांतच पुरी होते. जवळजवळ चार मिनिटं जास्त लागतात ती सूर्याला पुन्हा गाठायला.

यासाठी व्यस्तांकांचं सूत्र आहे. पण मी विद्यार्थ्यांना आधी रोजचे अंश मांडायला लावतो, कारण त्यात गती डोळ्यांपुढे उभी राहते. बुध स्वतःभोवती रोज ३६० ÷ ५८.६५, म्हणजे ६.१३८ अंश वळतो. कक्षेत तो रोज सरासरी ३६० ÷ ८७.९७, म्हणजे ४.०९२ अंश सरकतो. वजाबाकी २.०४६. सूर्य बुधाच्या आकाशात दिवसाला एवढाच पुढे जातो. आता ३६० ला २.०४६ ने भागा : १७६ दिवस! तोवर बुधाची दोन वर्षं उलटलेली असतात. मला हे उत्तर आजही थक्क करतं.

१९६५ पर्यंत बुधाचं परिवलनही ८८ दिवसांचंच मानत. तसं असतं तर वजाबाकी शून्य आली असती, म्हणजे एका बाजूला कायमचा उजेड आणि दुसरीकडे कायमचा अंधार. त्या वर्षी पेटेंगिल आणि डाइस या शास्त्रज्ञांनी प्वेर्तो रिकोतल्या अरेसिबो वेधशाळेच्या रडारने खरी गती मोजली आणि तो समज मोडला.

शुक्र उलटा फिरतो, म्हणून तिथे बेरीज करायची. स्वतःभोवतीचे रोजचे १.४८१ आणि कक्षेतले १.६०२ मिळून ३.०८३ अंश, म्हणजे साधारण ११७ दिवस.

चंद्राच्या बाबतीत बहुतेक जण अडखळतात. त्याचं परिवलन २७.३२ दिवसांचं, पृथ्वीभोवतीची फेरीही २७.३२ दिवसांची. हे दोन आकडे घेतले की वजाबाकी शून्य येते. ते उत्तर चुकीचं नाही, मात्र ते पृथ्वीबद्दल आहे : चंद्रावरच्या एका जागेवरून पाहिलं तर पृथ्वी उगवत नाही की मावळत नाही. सूर्योदय हवा असेल तर सूर्याभोवतीची फेरी घ्या, आणि चंद्र ती पृथ्वीबरोबर ३६५.२५ दिवसांत करतो. १३.१७७ वजा ०.९८६, म्हणजे १२.१९१ अंश. त्यावरून साडेएकोणतीस दिवस येतात; एका अमावास्येपासून दुसरीपर्यंतही सरासरी तेवढेच.

मंगळ तुम्ही स्वतः करून पाहा. परिवलन २४ तास ३७ मिनिटं २२ सेकंद, वर्ष ६८७ दिवसांचं. उत्तर २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांच्या आसपास यायला हवं.