कायद्याचा सल्ला : फेसबुकवरची पोस्ट आणि पोलीस ठाण्याचा फोन

प्रश्न : आमच्या गावच्या नव्या रस्त्याची खडी पहिल्याच पावसात उखडली. मी त्याचे फोटो फेसबुकवर टाकून ठेकेदाराचे काम निकृष्ट असल्याचे लिहिले. कोणीतरी ती पोस्ट गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकली. ग्रुपचा ॲडमिन माझा चुलतभाऊ आहे. आता पोलीस ठाण्यातून फोन आला आहे की पोस्ट काढा, नाहीतर दोघांवर ‘आयटी ॲक्टचे ६६-अ’ लावू. आम्ही काय करावे? – एक वाचक, जि. सातारा

उत्तर : ज्या कलमाचा धाक तुम्हाला घातला जात आहे, ते (माहिती तंत्रज्ञान कायद्यातले, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर गुन्हा ठरवणारे कलम) सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवून रद्द केले आहे. त्या खटल्याचे मूळ आपल्याच राज्यातले आहे : बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणाऱ्या एका तरुणीला आणि ते केवळ ‘लाइक’ करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला अटक झाली होती. रद्द झाल्यावरही हे कलम ठिकठिकाणी लावले जात राहिले, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले की या कलमाखाली कोणावरही खटला चालवता येणार नाही. (मेलेले कलम फोनवर मात्र अजून जिवंत असते, असे दिसते.)

याचा अर्थ काहीही लिहावे असा नाही. ठेकेदार बदनामीची तक्रार करू शकतो. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खालील हा गुन्हा अदखलपात्र असल्यामुळे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही, आणि सार्वजनिक हितासाठी केलेले खरे विधान बदनामी ठरत नाही. म्हणून ‘काम निकृष्ट आहे’ इथपर्यंत तुमची बाजू भक्कम आहे. ‘पैसे खाल्ले’ असे लिहिले असेल, तर तेवढे सिद्ध करण्याची तयारी ठेवावी लागेल.

तुमच्या भावाने फारशी काळजी करू नये. केवळ ॲडमिन आहे म्हणून सदस्याच्या मजकुरासाठी त्याला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. दोघांचे संगनमत असेल तर गोष्ट वेगळी.

आता प्रत्यक्ष काय करायचे? फोनवर वाद घालू नका. ‘साहेब, लेखी नोटीस द्या, मी हजर होतो,’ एवढेच नम्रपणे सांगा. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार असेल आणि अटकेची गरज नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ३५(३) प्रमाणे नोटीस द्यावी लागते, आणि ती व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र रीतसर नोटीस मिळाली की हजर राहणे टाळू नका. तोवर फोन आल्याची तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचे नाव वहीत लिहून ठेवा, आणि रस्त्याचे मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नका.